भाकरीवर पोसलेले मासे

चिटगुप्पा,
येळवशीनंतरचा दुसरा सोमवार.

तीर्थस्वरूप सौ. रुद्रक्का हिला धाकटा भाऊ वीरण्णाचा शरणु शरणार्थी. दाजींनाही शरणार्थी. मादन हिप्परग्याला थंडी कशी हाय? तुझा डावा गुडघा कसा हाय? (डावाच ना? का उजवा? चुकला असला तर दाजी, वाचताना दुरुस्त करून घ्या, न्हाईतर "भावाला माझा गुडघा बी ठाऊक न्हाई" म्हणून पत्र इथंच थांबंल.) दाजींचा तेलाचा घाणा जोरात हाय का, सुनबाईचं आणि तुझं पटायलंय का, का अजून एकमेकीला मधी भिंत धरूनच बोलायलात, ते सगळं कळव. तू चष्मा घालायची न्हाईस आणि चष्म्याबिगर तुला अक्षर दिसायचं न्हाई, म्हणजे हे पत्र दाजीच ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायलेत हे मी धरूनच चाललोय. म्हणून सांगून ठेवतो, कंसात जे जे लिहिलंय ते फक्त दाजींसाठी हाय. दाजी, ते मनात वाचा आणि चेहरा हलू देऊ नका. (पहिला कंस मोठ्यानं वाचून झाला असला तर आता इलाज न्हाई.)

इकडं सगळं ठीक हाय. म्हणजे मी हाय, चिंचेचं झाड हाय, आणि ज्याच्यापायी तू माझ्या घरचं पाणी सोडलंस ते तळं हाय. गेल्याच्या गेल्या नागपंचमीला तू माहेरपणाला आलीस, पिशवी खांद्यावर, अजून चप्पल बी काढली नव्हतीस, आणि त्याच टायमाला तळ्यातल्या माशाला उडी मारायची बुद्धी झाली. दिवसभर गप पडून राहणारा जीव, अक्का! तू ते बघितलंस, माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं बघितलंस, आणि उंबऱ्यातच म्हणालीस की तळ्यात मासा हाय तवर मी ह्या घरचं पाणी पिणार न्हाई. झालं. आल्या पावली माघारी. मी बांगड्या आणि चोळीचा खण घेऊन स्टँडपर्यंत पळालो, तर तुझी गाडी हलली होती. पंचमीचा भाऊ हातात बांगड्या घेऊन गाडीमागं पळायलाय हे अख्ख्या चिटगुप्प्यानं बघितलं. कुणीतरी विचारलं बी, की अण्णा, दुकान काढलंस का. त्या बांगड्या अजून देव्हाऱ्याशेजारी कोनाड्यात हायेत.

आता हे मासे आले कुठनं, ते तू त्या दिवशी ऐकून घेतलं न्हाईस, म्हणून लिहितो. तुझी भावजय सिद्धव्वा गेली, आणि वर्षश्राद्धानंतर कल्लप्पा मला गुलबर्ग्याला घेऊन गेला. पोरगा चांगला हाय, सून बी चांगली हाय, दोघांच्या नावानं एक वाईट शब्द लिहायचा न्हाई. पण घर वरच्या मजल्यावर, दोघं बी सकाळी नोकरीला, आणि मी टीव्हीपुढं. टीव्ही लागायचा संध्याकाळी. तवर मी त्याच्या काचेत माझंच तोंड बघत बसायचो, आणि ते काही बघण्यासारखं ऱ्हायलेलं न्हाई. खाली उतरलो तर तुरीची पेठ, जिथं डाळीच्या मिलमधी पोती तोलण्यात मी जन्म काढला, पण काट्यावरचे सगळे लोक नवे. माझी ओळख सांगायला लागलो तर पोतं घेणार का विचारायले. आठवडा काढला आणि म्हणालो, कल्लू, रानातल्या घराला वाळवी लागली असंल, बघून येतो. (वाळवी नव्हती, दाजी.) आलो तो आलोच.

तर त्या उन्हाळ्यात एक दिवस दारात फटफटी थांबली आणि बाहेरनं आवाज आला, आत कुणी हाय का. अक्का, हा प्रश्न मला कित्येक दिवसांत कुणी विचारला नव्हता. मच्छीखात्याचा माणिकराव नावाचा तरुण अंमलदार होता, बीदरचा. रस्त्याच्या कामाला मुरूम काढून सरकारनं आपल्या रानात जो खड्डा ठेवलाय, त्यात पाणी टिकतं का, मासे पाळता का, विचारायला आलेला. मी म्हणालो बसा. तो बसला. बोलला. माझ्या विहिरीचं, माझ्या गुडघ्याचं (माझा उजवा, दाजी) विचारलं. उठताना म्हणाला, मग काका, बोटुकली आणून देऊ का, म्हणजे माशाची बोटाएवढी पिल्लं. मी व्हय म्हणालो. तो त्या दिवशी सायकलीची घंटी विकायला आला असता तरी मी घेतली असती, आणि मला सायकल चालवता येत न्हाई. मला एवढंच कळलं की मासे घेतले तर हा माणूस परत येणार.

माणिकरावानं खाणं बी सांगितलं होतं. भाताचा कोंडा आणि शेंगाची पेंड, निम्मं निम्मं, आणि जमलं तर सुक्या मासळीचा भुगा. भुग्याला मी हात जोडले. लिंगायताच्या तळ्यातल्या माशानं मासा खायचा, हे मला बघवणार न्हाई. ऱ्हायली पेंड आणि कोंडा. तर माझ्या मनात आलं, पेंड-कोंडा म्हणजे गोठ्यातलं खाणं. आपल्या दारात जीव आला तर त्याला कोंडा घालायचा? आपल्या अव्वानं दारच्या कुत्र्याला कधी शिळं टाकलं न्हाई. अव्वाचा नेम तुला ठाऊकच हाय, की रात्री दुरडी रिकामी झाकायची न्हाई, कुणी जंगम अय्या, कुणी वाटसरू आला तर भाकरी असायला पायजे. तो नेम सिद्धव्वानं चालवला आणि तिच्यामागं मी चालवतो. आणि खरं सांगू का, नेमाची बी गरज न्हाई. जन्मभर मी डाळीच्या मिलमधी काट्यावर होतो, पोत्यात मूठभर कमी-जास्त झालं तर मला डोळ्यानं कळायचं. पण काठवटीत एका माणसाचं पीठ किती घ्यायचं, ते मला अजून जमंना. सिद्धव्वा घ्यायची तेवढंच हातात येतं. मग भाकऱ्या घरभर होतात आणि घरात मी एकटा. दुरडी झाकायची, सकाळी उघडायची, तर सगळ्या तश्शाच.

पूर्वी सोमवारी गुरुपादय्या भिक्षेला यायचे, तेवढी तरी एक भाकरी मार्गी लागायची. माशाचं कळलं आणि ते बांधापर्यंत येऊन तिथनंच आशीर्वाद द्यायले. पुढं आशीर्वाद बी वारा असंल तसा पोचायला लागला. आता तेही येत न्हाईत. मग त्या भाकऱ्या मी कुणाला घालू, सांग. सकाळी दुरडी घेऊन तळ्यावर जायचो, कुस्करून टाकायचो. काय ते खायचे, अक्का! कुणी मीठ कमी हाय म्हणत न्हाई, कुणी करपली म्हणत न्हाई. तुझ्यासाठी केलेली पंचमीची पुरणाची दिंडं त्यांनीच खाल्ली. बसवजयंतीची गव्हाची गोड हुग्गी खाल्ली. आणि पुढं पुढं तर असं झालं की पहाटे मी काठावर जायच्या आधीच सगळे वर येऊन, तोंडं बाहेर काढून उभे. मला वाटायचं, माझी वाट बघायलेत. मी त्यांना काल कुठं काय झालं ते सांगायचो. (दाजी, नावं बी ठेवली होती. तुमच्या नावाचा एक होता. मिशीवरनं ठेवलं.)

पण वाढंनात. माणिकराव म्हणाला होता, वर्षात किलोभर होतील. वर्ष सरलं तरी वीतभरच. लांबी न्हाई, फक्त पोट. एकेकाचं पोट असं, की पंगतीतनं उठायला हात द्यावा लागंल. माणिकराव मधनं मधनं यायचा, जाळं टाकायचा, हातात घेऊन बघायचा, डोकं खाजवायचा आणि विचारायचा, पेंड-कोंडा बरोबर घालायलात ना. मी म्हणायचो, त्याहून चांगलं घालायलोय. ते खोटं नव्हतं. तो बिचारा पाणी तपासायचा, माती तपासायचा. मी चहा टाकायचो, तो चिंचेखालीच बसून घ्यायचा. मासे लवकर वाढले तर हा येणार कशाला, असं बी एकदोनदा माझ्या मनात आलं, ते लपवत न्हाई.

मग मार्गशीर्षातल्या अवसेची येळवस आली. येळवशीला आपल्या रानात कसा मेळा असायचा ते तुला सांगायला नको. अप्पा वाटेवरच्या माणसाला हाताला धरून जेवायला आणायचे, ओळख नंतर विचारायचे. औंदा मी ठरवलं, करायचं म्हणजे तस्संच करायचं. कडब्याची कोप घातली, पाच दगडांची पांडवं पुजली, सगळ्या भाज्या घालून भज्जी केली, बाजरीचे उंडे केले, आणि आंबील तर सिद्धव्वाच्या मोठ्या बिंदग्यात गळ्यापर्यंत. गावात जाऊन घरोघर सांगून आलो. सगळे व्हय व्हय म्हणाले. कल्लप्पाला कार्ड टाकलं, त्याला रजा मिळाली न्हाई. तुला बी कार्ड टाकलं होतं. (ते पोचलं का दाजी? पोचलं असलं तर तसं सांगू नका.) दुपार कलली, तरी मी कोपीच्या तोंडाशी बसून बांधाकडं बघायलोय. शेजारच्या रानातनं पोरांचा कालवा, बायांचं हसणं ऐकू येतंय. आमच्याकडं एक कावळा आला, त्यानं बी उंडा घेतला आणि शेजारी जाऊन खाल्ला. कुणाचं चुकलं म्हणत न्हाई, माशाच्या घरी जेवायचं म्हणजे लोकांना जडच जाणार. पण लई वाईट वाटलं, अक्का. उन्हातान्हात हसत हसत बसणारी सगळी माणसं डोळ्यापुढं आली आणि मी एकटाच रडलो. मग उठलो. आंबील शिंपडायची तर असतेच. रानाला फेरी घालून शिंपडली, तरी बिंदगं भरलेलंच. म्हणालो, सगळ्या रानाला प्रसाद, तर तळ्यानं काय घोडं मारलंय? आणि उरलेलं सगळं बिंदगं तळ्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तर पाणी पांढरं फट्ट, आंबूस वास, आणि सगळ्यांची तोंडं वर. काही तर आडवे झालेले. (तुमचं नाव ठेवलेला पण त्यातच होता, दाजी, क्षमा असावी.) मी तसाच चालत गावात गेलो आणि दुकानातनं फोन लावून माणिकरावाला बोलावलं. तो दुपारी आला. आधी विहिरीवरचं इंजिन चालू करून तळ्यात नवं पाणी सोडलं, मग मेलेला एक मासा घेऊन चिंचेखाली बसला आणि चाकूनं फाडला. मी तोंड फिरवलं होतं, पण तो म्हणाला काका, बघाच. एका डोळ्यानं बघितलं. आत सगळी पिवळी चरबी, आणि काळीज लोण्यागत. त्यानं विचारलं, खरं सांगा, काय घालता. मग मी सगळं सांगितलं, भाकरी, दिंडं, हुग्गी, बिंदगं. तो कपाळाला हात लावून बसला.

मग त्यानं शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. भाकरी, भात, आंबील ह्याला पिष्टमय पदार्थ म्हणतात म्हणे. माशाला ते थोडं लागतंच, पोहायचं-हिंडायचं बळ त्यातनं मिळतं, आणि मग पेंडीतला कस अंग धरायला मोकळा ऱ्हातो. पण नुसतं पीठच घातलं की अंग धरायला काही नसतं. मासा वाढत न्हाई, आणि उरलेलं पीठ चरबी होऊन पोटात आणि काळजात बसतं. त्यात शिजलेलं पीठ कच्च्याहून लवकर पचतं. म्हणजे मी चुलीपुढं डोळे चोळत, भाजून, मऊ कुस्करून, माझ्या हातानं त्यांना आजारी पाडायलो होतो. आणि तळाशी जे पडून ऱ्हायचं ते कुजून पाण्यातली हवा खायचं. मी विचारलं, पण मग रोज पहाटे माझ्यासाठी वर यायचे ते? तर तो खाली बघून म्हणाला, काका, ते श्वासासाठी यायचे. हे त्यानं हळूच सांगितलं, चांगला पोरगा हाय. पण मला त्या दिवशी जे लागलं ते सांगता येत न्हाई. इतके दिवस मी ज्यांच्याशी सुखदुःख बोललो, ते गुदमरायले होते.

काम आटोपल्यावर त्याला तहान लागली. अंगणात ओणवा झाला, ओंजळ धरली आणि म्हणाला, काका, वरनं ओता. माणिकराव जयभीमवाल्यांचा, आणि बीदरापासून इथवर त्याला ओंजळीची सवय लोकांनी लावून ठेवलेली. मी म्हणालो, वरनं ओतायला मी काय पाऊस हाय व्हय? आत या. गळ्यात लिंग बांधायचं, बसवण्णांचं नाव घ्यायचं, आणि माणसाला अंगणात उभं करायचं, हे मला जमणार न्हाई. सिद्धव्वाच्या पितळी ताटात त्याला वाढलं. (दाजी, इथं थांबून अक्काच्या कपाळाकडं बघा. आठी पडली असली तर सांगा की वीरण्णानं ती पुसून टाक म्हटलंय.) त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या, उरलेल्या भज्जीसंगट. कितीतरी महिन्यांनी ह्या घरात माझ्यापुढं कुणी घास घेतला. मी बघतच बसलो, तर तो म्हणाला तुम्ही बी घ्या. मी भाकरी आणि ठेचा घेतला. तर हा ताटाकडं बघायलाय, माझ्या पोटाकडं बघायलाय, माझ्या काड्यागत दंडाकडं बघायलाय. म्हणाला, काका, माशाचं ऱ्हाऊ द्या, तुम्ही डाळ कधी खाल्लीत? मी आठवायला लागलो. जन्मभर तुरीची डाळ तोलली, अक्का, पण एकट्यासाठी डाळ शिजवायची म्हणजे डाळीपेक्षा सरपण जास्त, आणि शिजल्यावर चांगली झाली म्हणायला कुणी न्हाई. म्हणून भाकरीवरच भागवतो. तो म्हणाला, तळ्यातल्यांचं आणि तुमचं दुखणं एकच हाय.

तर असं हाय. आता ह्यापुढं माशाला भाकरी बंद. पेंड आणि कोंडा, तोही मापात. तुझ्या प्रकृतीला जप. सुनबाईला, नातवंडांना आशीर्वाद. पंचमीला अजून लई अवकाश हाय, म्हणून आताच काही म्हणत न्हाई.

तुझा तम्मा,
वीरण्णा

ता. क. एक काम होतं, तेवढ्यासाठीच हे पत्र. दाजींच्या घाण्यावरची शेंगाची पेंड एक पोतं पाठवून दे. इथल्या पेंडीत निम्मी माती असते. हिप्परग्याहून आळंदपर्यंत बैलगाडी, तिथनं गाडीच्या टपावर टाकलं तर येईल.

दुसरं ता. क. टपावर टाकू नका. कंडक्टर लोक पोतं भलत्याच गावात उतरवतात. बरोबर कुणीतरी माणूस पायजे. सुनबाईला लेकरं, दाजींना घाणा. मग कोण उरतं, ते तुमचं तुम्ही बघा.

तिसरं ता. क. जी कुणी येईल तिनं आपलं पाणी कळशीत बांधून आणलं तरी मला राग न्हाई. मी विचारणार बी न्हाई. चिंचेखाली बसावं, तळ्याकडं पाठ करावी. डाळ मी शिजवीन. (दाजी, तिला काळ्या मसाल्याची लागते का साधी? विसरलो.)

चौथं ता. क. दाजी, हे कंसात घालायला घेतलं होतं, पण कंसात मावंना. मोठ्यानंच वाचा. अक्का, तळ्यात मासे न्हाईत. येळवशीच्या त्याच आठवड्यात माणिकराव जीप घेऊन आला, वाचले तेवढे पिंपात भरले आणि मोठ्या तलावात सोडायला घेऊन गेला. विकायला माझं मन होईना, माझ्या हातचं खाल्लेलं त्यांनी. हे पत्र लिहायला बसलो तेव्हाच तळं रिकामं होतं. पेंड कुणालाच नको. मग एवढं सगळं कामून लिहिलंस, म्हणशील. मासे होते तवर बरं होतं, अक्का. पंचमीला तू आली न्हाईस, तर मी म्हणायचो माशापायी आली न्हाई. अय्या यायचे थांबले, माशापायी. येळवशीला कुणी आलं न्हाई, माशापायी. सगळं त्या मुक्या जीवांवर घालायचो आणि दोन घास खायचो. आता मासे न्हाईत, तुझी शपथ बी सुटली. आता बी तू आली न्हाईस, तर कुणापायी आली न्हाईस म्हणू? आज बी काठवटीत तेवढंच पीठ पडलंय. खायला ये.